लेझरवर नाव सरकतंय, स्टीलच्या डब्या आणि प्लायच्या कीचेन धरायच्या कशा?

मिरजकर_मार्किंग

नमस्कार मंडळी, माझं मिरजेत छोटं दुकान आहे. आधी वडील हातातल्या मशीननं भांड्यांवर नावं घालायचे, मीही तेच शिकलो. दीड वर्षापूर्वी धातूवर मार्किंग करायला २० वॅटचं फायबर लेझर घेतलं, लेन्स एफ-१६०, म्हणजे फील्ड (बीम जेवढ्या जागेत फिरतो ती) ११० बाय ११० मिमी. आणि या पावसाळ्यात एक वापरलेलं ६० वॅटचं सीओटू मशीन घेतलंय, बेड ६०० बाय ४००, प्लाय आणि अ‍ॅक्रिलिकच्या कामासाठी. पॉवर, स्पीड, फ्रिक्वेन्सी हे सगळं आता हाताला बसलंय पण माल धरायचं काही केल्या जमत नाहीये.

झालं असं की संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर आली, ३५० स्टीलच्या डब्या, झाकणावर मधोमध ताईंचं नाव आणि खाली "हळदीकुंकू". झाकण साधारण ६५ मिमीचं. मी बेडवर मास्किंग टेप लावून पेनानं गोल काढला आणि एकेक झाकण त्या गोलात ठेवून मारत गेलो. पहिली वीस-पंचवीस झाकणं एकदम मस्त, मग हळूहळू नाव एका बाजूला जायला लागलं, टेप सरकला का माझा हात लागला कळलंच नाही, बघेपर्यंत २२ झाकणांवर नाव दोन-तीन मिमी बाजूला. गोल झाकणावर दोन मिमी पण लगेच डोळ्यात येतं हो. ती २२ मी भांडी गल्लीतून पदरच्या पैशानं नवीन आणून दिली.

दुसरं दुखणं सीओटूवर. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी ३ मिमी प्लायच्या २०० कीचेन होत्या. शीट वाकडी, एका ठिकाणी अक्षरं काळीकुट्ट आणि दुसरीकडे फिकी, आणि कापून झालेला तुकडा मध्येच तिरका उभा राहतो मग नोझल त्याला धडकतं आणि तिथून पुढचा सगळा जॉब सरकतो. म्हणून शीट दाबायला सी-क्लॅम्प लावला तर नोझल क्लॅम्पलाच जाऊन आपटलं, बेल्ट दोन दात सरकला.

एकजण म्हणाला मिलिंगचा छोटा वाइस (जॉब आवळून धरायचा शिकंजा) घेऊन टाक, सगळं घट्ट बसेल. घेऊ का? तुम्ही लोक काय वापरता ते जरा सविस्तर सांगा, अजून दोन ऑर्डरी हातात आहेत.

भोसरी_टूलरूम

वाइस घेऊ नका. पैसे राहू द्या.

मी ३१ वर्षं टूलरूममध्ये जिग-फिक्स्चर बनवलीत, आता निवृत्त आहे, मुलाचं मार्किंगचं युनिट आहे तिथे जाऊन बसतो. तुमच्या प्रश्नात खरी गोष्ट आधी समजून घ्या मग बाकी सगळं आपोआप सुटेल. मिलिंगला कटर जॉबला ढकलतो, ओढतो, उचलतो, म्हणून तिथे पकड लागते. लेझर जॉबला हातच लावत नाही. जोर शून्य. मग जॉब का हलतो? तुमचा हात लागतो, एअर असिस्टची (नोझलमधून जॉबवर मारतात ती) हवा लागते, टेबल थरथरतं, टेप सैल पडतो. म्हणजे तुम्हाला जॉब आवळायचा नाहीये, तो दरवेळी त्याच जागी आणि त्याच उंचीला आला पाहिजे एवढंच. जागा आणि उंची. आवळायला गेलात तर उलट नुकसान, पत्र्याचं झाकण वाइसमध्ये धरलंत तर मधे फुगणार आणि फोकस जाणार.

आमच्याकडे पोरं कामाला लागली की पहिल्या आठवड्यात तीन-दोन-एक शिकवायचो. जॉब खालून तीन ठिकाणी टेकवायचा, लांब बाजूला दोन टेकू आणि आखूड बाजूला एक. सहा टेकू झाले की जॉबला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही, मग वरून हलकं दाबलं तरी पुरतं. खाली तीनच का, तर चुलीचे तीन दगड आठवा, भांडं त्यावर कधी डुगडुगत नाही, चौथा दगड ठेवला की डुगडुगायला लागतं. तुमच्या झाकणाची कड प्रेसमधून येते, तिला कुठेतरी बर (कापताना राहिलेला खरखरीत उंचवटा) असणार, सपाट बेडवर ठेवलं की एका बाजूला अर्धा मिमी उचललेलं राहतं.

आणि पेनाची खूण हा टेकू नव्हे. डोळ्यानं जुळवलेली गोष्ट पन्नासाव्या नगाला चुकणारच, त्यात तुमचा दोष नाही, डोळा थकतो. जिथे जॉब आपटून थांबतो तो टेकू.

डोंबिवली_लेझर_ताई

काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. मी भेटवस्तूंचं काम करते, पेन, बाटल्या, डबे, मेडल, सगळं फायबरवरच. दादा तुमच्या ३५० डब्यांचं मी कसं केलं असतं ते सांगते.

आधी दहा-बारा झाकणं वेगवेगळ्या ठिकाणची उचलून व्हर्नियरनं मोजा, एकच मोजू नका. प्रेसचा माल आहे, ६४.७ पण निघेल आणि ६५.२ पण निघेल. ट्रेचं भोक सगळ्यात मोठ्या झाकणाच्या मापावर ठेवायचं, वर ०.२ मिमी सोडायचं, म्हणजे बोटानं टाकलं की पडलं पाहिजे आणि उपडं केलं की निघालं पाहिजे, दाबून बसवायला लागत असेल तर ३५० नगांत अंगठा दुखून येईल. तुमच्याकडे सीओटू आहे ना, मग ट्रे घरच्या घरी होतो, ३ मिमी एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) कापा. फक्त एक लक्षात ठेवा की बीम पण थोडं मटेरियल खातो, माझ्या मशीनवर ३ मिमीला ०.१५ ते ०.२ जातं, म्हणून ६५.२ चं भोक ड्रॉइंगमध्ये ६५.२ च काढलं तरी कापून झाल्यावर सुटं बसतं. आधी एकच भोक रद्दी तुकड्यात कापून बघा.

आता मेन गोष्ट. तुम्ही म्हणाल फील्ड ११० चं, झाकण ६५ चं, म्हणजे एका वेळी एकच. असं नाहीये. फील्डमध्ये झाकण मावायची गरज नाही, अक्षरं मावली की झालं. मधोमध नाव ३६ मिमी रुंद धरा, चार झाकणं दोन बाय दोन, केंद्रांमधलं अंतर ६८. मग फील्डच्या मधापासून केंद्र ३४ वर, त्यात अर्धं नाव १८, झाले ५२, आणि तुमच्याकडे प्रत्येक बाजूला ५५ आहेत. चारही बसले. झाकणाच्या कडा बाहेर गेल्या तर जाऊ देत, तिथे लेझर जाणारच नाहीये. फक्त कोपऱ्यात अक्षरं तिरकी येत नाहीत ना ते आधी बघून घ्या, फील्डचं करेक्शन नीट नसेल तर कडेला चौकोन फुगतो किंवा दबतो.

ट्रे बेडवर लावायला लाल लाइटवर विसंबू नका, लाल लाइट आणि खरा बीम यात थोडा फरक असतो, माझ्या मशीनमध्ये जवळजवळ पाऊण मिमी होता. बेडवर काळा कार्डपेपर चिकटवा (पांढऱ्यावर फायबर नीट उमटत नाही), त्यावर चारही गोल खऱ्या बीमनं मारा, आणि ट्रेची भोकं त्या गोलांवर जुळवून ट्रे पक्का करा. माझ्याकडे दोन ट्रे असतात, एक मशीनखाली आणि एक हातात, एक चालू असेपर्यंत दुसरा भरून होतो. असं केलं की मशीन कधी रिकामं राहत नाही. खरा वेळ मार्किंगमध्ये जातच नाही, तो जातो ठेवण्यात आणि उचलण्यात.

ट्रे बेडला मी डबल टेपनं चिकटवते, चालतं.

भोसरी_टूलरूम

ताई, चारचा हिशोब फार छान सांगितलात. डबल टेपला मात्र माझा विरोध आहे. चाळीस नगांनंतर टेपचा गोंद गरम होतो, ताणतो, आणि परत तीच गोष्ट, हळूहळू सरकतं आणि कळत नाही. शिवाय ट्रे काढून परत लावायचा म्हटलं तर पुन्हा सगळं जुळवत बसा.

फायबरच्या टेबलाला बहुतेक वेळा एम-६ ची (६ मिमी बोल्टची) आटे पाडलेली भोकं असतात. एक अ‍ॅल्युमिनियमची किंवा १२ मिमी एमडीएफची बेसप्लेट बोल्टनं कायमची पक्की करा. तिच्यावर ६ मिमीच्या दोन डॉवेल पिना उभ्या ठोका, आणि प्रत्येक ट्रेला एका बाजूला गोल भोक, दुसऱ्या बाजूला लांबट खाच. दोन्हीकडे गोल भोक ठेवलंत तर थंडी-उन्हात एमडीएफ थोडं फुगलं की ट्रे बसणार नाही किंवा अडकेल. गोल भोक जागा ठरवतं, खाच फक्त फिरू देत नाही. आणि दोन पिना मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवू नका, एक थोडी बाजूला घ्या, म्हणजे घाईत ट्रे उलटा बसवायला गेलं तर बसणारच नाही. जपानी लोक याला पोका-योके म्हणतात, आमच्या शॉपमध्ये याच्यावर सगळ्यात जास्त भर असायचा.

अशी बेसप्लेट एकदा झाली की पुढच्या वर्षीची ऑर्डर आली तरी ट्रे कपाटातून काढा, पिनांवर टाका, फाइल उघडा, काम सुरू. ट्रेवर फाइलचं नाव आणि फोकसची उंची लेझरनंच मारून ठेवा. कागदाची चिठ्ठी हरवते.

कुडाळ_लाकूडकाम

प्लायचं मी सांगतो, कोकणात राहतो, दमट हवा म्हणजे काय ते आम्हाला विचारा.

पहिलं म्हणजे शीट आणल्यावर उभी ठेवू नका भिंतीला टेकवून. आडवी, सपाट, वर वजन. तरी वाकलीच तर लेझरवर ठेवताना कडा वर येतील अशी बाजू ठेवायची, म्हणजे मधला भाग बेडला टेकलेला आणि चारी कडा उचललेल्या. कडा खाली दाबणं सोपं आहे, मधला फुगवटा दाबायचा कसा, तिथे तर काम चालू असतं. ही एवढी एक गोष्ट कळायला मला वर्ष लागलं.

दाबायला सी-क्लॅम्प विसरा, उंच असतो. माझ्या मशीनला नोझल आणि शीट यात ५-६ मिमीचं अंतर असतं, तुमचंही साधारण तेवढंच असेल, त्यापेक्षा उंच काही ठेवलं की धडक. मी त्याच ३ मिमी एमडीएफमधून आकड्याच्या, म्हणजे हुकाच्या आकाराच्या पिना कापतो, खालचा पाय निमुळता, हनीकोंबच्या (बेडवरच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या) भोकात दाबून बसतो, आणि वरचा आकडा शीटवर येऊन दाबतो. शीटच्या वर जेमतेम ३ मिमी. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे चुकून नोझल लागलंच तर पिन मोडते, मशीनला काही होत नाही. एका शीटला बारा-चौदा पिना लावतो, मोडल्या तर परत कापायच्या, रद्दीतून होतात.

निओडायमियम मॅग्नेट पण चालतात पण आधी हनीकोंबला एक लावून बघा, पुष्कळ बेड अ‍ॅल्युमिनियमचे असतात त्याला चिकटतच नाही. आणि ते बीमच्या वाटेत ठेवू नका, साध्या ग्रेडचा मॅग्नेट ८० डिग्रीच्या वर गेला की ताकद सोडायला लागतो आणि ती परत येत नाही.

आणि आधी बेडच तपासा. लांब स्टीलपट्टी आडवी-तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. वापरलेलं मशीन आहे म्हणताय, हनीकोंब मधे बसलेला असण्याची शक्यता बरीच. दोन इंची लेन्सला एक-दीड मिमीचा फरक पडला तरी बारीक अक्षरं जाडी होतात. शीट सरळ पण बेड वाकडा असेल तर सगळ्या पिना फुकट.

तुकडे तिरके उभे राहण्याचं औषध वेगळं. आधी सगळं कोरून घ्या, मग कडीचं भोक, आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरची कड आधी कापली की तुकडा सुटा झाला, मग त्यावर काय कोरणार. आणि बाहेरच्या कडेला दोन ठिकाणी अर्ध्या मिमीचा पूल ठेवा, लाईटबर्न या लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅब म्हणून आहे. तुकडा शीटलाच लटकून राहतो, शेवटी हातानं मोडून काढायचा, पॉलिश पेपर एकदा फिरवला की खूणही राहत नाही. पूल नको असेल तर शीटच्या मागून मास्किंग टेप लावा, तुकडे त्याला धरून राहतात आणि खालून हनीकोंबचे डाग पण येत नाहीत.

मिरजकर_मार्किंग

सगळ्यांचे खूप आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काका, चुलीचे तीन दगड हे वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले बरोबर आहे.

बेड तपासला, मधे दोन मिमी बसलाय! चारही कोपऱ्यांच्या स्क्रूनं काही होत नाहीये म्हणजे जाळीच वाकलीये. नवीन जाळी मागवतोय.

एक विचारायचं होतं, ट्रेसाठी एमडीएफ आत्ता नाहीये पण दुकानात ५ मिमीचा सनबोर्ड बराच पडलाय, बाजूच्या बोर्डवाल्यानं दिलेला. तो मऊ असतो, कापायला पण सोपा, झाकणाला चरे पण येणार नाहीत. तो सीओटूवर कापून ट्रे करू का?

नाशिक_साइन

नको!! दादा कृपया नको. मी साइनबोर्डचंच काम करतो म्हणून सांगतो. आपल्याकडे सनबोर्ड किंवा फोमशीट म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. पीव्हीसीवर लेझर मारला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, ओलाव्याशी मिळाला की तेच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. तुमची छाती तर जळेलच पण मशीनच्या आतल्या रेल, बेअरिंग, आरशाचे होल्डर सगळं गंजतं, एकदा गंजायला लागलं की थांबत नाही. व्हिनाइल आणि इलेक्ट्रिशियनचा काळा-लाल टेप पण पीव्हीसीच, तोही जॉब चिकटवायला वापरू नका. कागदी मास्किंग टेप वापरा.

सनबोर्ड वापरायचाच असेल तर कटरनं हातानं कापा आणि झाकणाखाली मऊ थर म्हणून ठेवा, पण बीम पोचणार नाही अशा ठिकाणीच. नाहीतर एमडीएफ किंवा अ‍ॅक्रिलिक आणा, ३ मिमी एमडीएफ काही महाग नाही.

अ‍ॅक्रिलिकचं अजून एक. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक सीओटूचा बीम अडवतं, म्हणून सीओटूच्या झाकणाला तसली खिडकी चालते. फायबरचा १०६४ नॅनोमीटरचा बीम मात्र त्यातून सरळ आरपार जातो. म्हणून फायबरच्या बाजूला साधं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक उभं करून आपण सुरक्षित आहोत असं समजू नका, १०६४ साठीचाच चष्मा लागतो, चष्म्यावर ते छापलेलं असतं.

आणि फिक्स्चरमध्ये चकचकीत स्टीलच्या पट्ट्या, क्रोमचे क्लॅम्प बीमजवळ ठेवू नका. जॉब तर चकचकीत आहेच, त्यात फिक्स्चर पण चकचकीत म्हणजे बीम कुठून कुठे परावर्तित होईल सांगता येत नाही. काळं अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम बरं. आमच्याकडच्या एका पोराच्या डोळ्याला असाच परावर्तित बीम लागला होता, तेव्हापासून चष्म्याशिवाय कोणालाच मशीनजवळ उभं राहू देत नाही.

मिरजकर_मार्किंग

बाप रे. आधीच विचारलं ते बरं झालं. सनबोर्ड परत बोर्डवाल्याकडे पाठवला. चष्मा आहे, मी लावतो पण गिऱ्हाईक बाजूला येऊन उभं राहतं त्याचा विचार केला नव्हता, आता मशीनसमोर पत्र्याचा आडोसा करतोय.

डोंबिवली_लेझर_ताई

आडोसा कराच. आणि पत्र्याला आतून मॅट काळा रंग द्या, नाहीतर तोच आरसा होईल.

मिरजकर_मार्किंग

बारा दिवसांनी परत आलोय.

काकांसारखी बेसप्लेट केली, १२ मिमी एमडीएफ, दोन पिना, ट्रेला एक भोक एक खाच. ट्रे दोन केले, चार-चार झाकणांचे. भोकं ६५.४ झाली, माझं मशीन जरा जास्त खातं वाटतं, पण चाललं. दुसरी ऑर्डर १८० डब्यांची होती, एकही नाव बाजूला गेलं नाही. आधी एका झाकणाला ठेवणं-जुळवणं धरून पाऊण मिनिट जायचं, आता चार मिळून एक मिनिटाच्या आत होतात. ट्रेवर फोकसची उंची पण मारून ठेवलीये. कुडाळच्या दादांच्या आकडा पिना पण कापल्या, नवी जाळी बसवली, आता प्लायवर सगळीकडे सारखा रंग येतोय.

आता तिसरा प्रश्न, राग मानू नका. लग्नसराई येतेय, रुखवताची भांडी येणार. त्यात स्टीलचे उभे डबे असतात, बाटल्या असतात आणि तांब्याचे तांबे. बाजूला नाव घालायचं असतं. गोल वस्तू सपाट ट्रेमध्ये कशी धरायची? रोटरी (गोल वस्तू बीमखाली फिरवणारं जोडयंत्र) घ्यायलाच लागेल का?

डोंबिवली_लेझर_ताई

सगळ्यालाच रोटरी नाही लागत, हिशोब करून बघायचा. गोल भागावर नाव जितकं रुंद तितक्या त्याच्या कडा खाली जातात. ७३ मिमी व्यासाची बाटली घ्या. नाव २० मिमी रुंद असेल तर मध आणि कड यात फरक १.४ मिमी पडतो, फोकस बरोबर मधल्या उंचीवर लावला तर वर-खाली ०.७ च राहतो, तेवढं एफ-१६० लेन्स सांभाळून घेते. नाव ३० केलं की फरक ३.२ मिमी, कडेची अक्षरं फिकी दिसायला लागतात. म्हणून माझा नियम असा आहे की आडवं नाव २० च्या आत असेल तर रोटरीशिवाय, वर गेलं की रोटरी. आणि नाव बाटलीच्या उंचीच्या दिशेनं उभं घातलं तर लांबी कितीही चालते, अक्षराची उंची तेवढी गोलावर येते, ती ८-१० मिमीच असते. गिऱ्हाइकाला विचारून बघा, बाटलीवर उभं नाव पुष्कळांना आवडतं.

रोटरी घेतलीत तर चकवाली (वस्तू जबड्यात धरून फिरवणारी) घ्या. रोलरवाली स्वस्त असते पण हँडलचा मग किंवा डब्याची कडी असली की त्यावर फिरतच नाही. रिकामी हलकी बाटली रोलरवर घसरते पण, मग आत वजन टाकायला लागतं किंवा बाटलीला रबरबँड चढवायचा. झटका कमी करायला अ‍ॅक्सिलरेशन पण उतरवा. आणि बाटली वर रुंद खाली निमुळती असेल तर रोटरीच तिरकी करायची, वरची रेघ लेव्हलमध्ये आली पाहिजे, सुताराची लेव्हलची बाटली ठेवून बघायची.

भोसरी_टूलरूम

रोटरी घेईपर्यंत व्ही-ब्लॉक करा, ९० डिग्रीची खाच, १८ मिमी एमडीएफचे दोन तुकडे कापून पट्टीवर समोरासमोर उभे केले की झाला. गोल वस्तू त्यात पडली की तिचा मध्य आडव्या दिशेत नेहमी तिथेच येतो, व्यास काहीही असो, म्हणून नाव कधी बाजूला जात नाही. पण उंची बदलते हे ध्यानात ठेवा. व्यास १ मिमीनं वाढला की वरचा माथा १.२ मिमीनं वर जातो. म्हणजे एकाच मापाच्या बाटल्यांना फोकस एकदाच लावा, दुसऱ्या मापाच्या आल्या की पुन्हा लावा, विसरू नका. फोकसच्या अंतराची एक लाकडी पट्टी कापून ठेवा, लेन्सची कड ते जॉबचा माथा, पट्टी बसली की फोकस बसला.

तांब्याला व्ही नाही चालणार, त्याचं पोट दोन्ही बाजूंनी गोल. त्याला चुंबळ करा. घागर डोक्यावर घ्यायला बायका कापडाची चुंबळ करायच्या ना, तीच कल्पना. सोनार नक्षी काढताना दागिना लाखेत बसवतात, तेही त्याचसाठी, वस्तूचा जो काही आकार असेल तो खालून पूर्ण भरून आला पाहिजे म्हणजे ती डुलत नाही. तांब्या आडवा, पोट वर, खाली चुंबळ, आणि तोंडाच्या बाजूला एक अर्धगोल खाचेची उभी फळी ज्यावर गळा टेकेल. गळा टेकला की लांबीची जागा ठरली, चुंबळीनं उंची ठरली. चुंबळ तांब्याच्या पोटाखालीच राहिली पाहिजे, बीमला दिसता कामा नये, कापड पेट घेतं.

नाशिक_साइन

तांब्याच्या धातूबद्दल एक भर. तांबं १०६४ चा बीम जास्त करून परत फेकतं, स्टीलची सेटिंग लावली तर जवळजवळ काही उमटत नाही, पास, म्हणजे त्याच नावावरून बीमच्या फेऱ्या, वाढवायला लागतात. आणि अगदी बरोबर लेन्सच्या मधोमध खाली, चकचकीत भाग सरळ वर तोंड करून ठेवू नका, परतलेला बीम सोर्समध्ये, म्हणजे तो जिथे तयार होतो तिथेच, जाऊ शकतो. चुंबळीवर ठेवताना दोन-तीन डिग्री तिरका राहू द्या किंवा नाव फील्डच्या मध्यापासून थोडं बाजूला घ्या.

कुडाळ_लाकूडकाम

आणि लग्नाच्या भांड्यावर हात घालायच्या आधी त्याच मापाचं एखादं जुनं भांडं भंगारातून आणून त्यावर ट्रायल घ्या. प्लाय चुकला तर तुकडा टाकता येतो, आजीनं दिलेला तांब्या परत आणता येत नाही.

मिरजकर_मार्किंग

घेतो. वडिलांनी आज सकाळीच आईच्या जुन्या लुगड्याची चुंबळ वळून दिली, गळ्याची फळी मी दुपारी कापली, ४२ मिमीचा अर्धगोल. घरातल्याच एका चेपलेल्या तांब्यावर आजीचं नाव मारून बघितलं, बरोबर पोटाच्या मधे आलंय, कडेची दोन अक्षरं जराशी फिकी आहेत, नाव २६ मिमी होतं. उद्या २० करून बघतो आणि फोटो टाकतो.